मदत हवी आहे: सभासदांच्या सह्यांचं पत्र आलंय, पुस्तक काढायचं का?

नमस्कार. पुण्यात पेठेतल्या एका छोट्या वाचनालयात मी अर्धवेळ ग्रंथपाल आहे. शासनमान्य, ‘ब’ वर्ग.

गेल्या सोमवारी एका जुन्या सभासद काकांनी देवघेवीच्या टेबलावर अर्ज ठेवला. खाली एकवीस सह्या. इतिहासावरच्या एका पुस्तकाने भावना दुखावतात, ते काढा. (नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा भलतीकडे जाईल.) रजिस्टर चाळलं. दोन वर्षांत पुस्तक तीनदा घरी गेलंय, त्या एकवीसपैकी एकाच्याही नावावर नाही.

कार्यवाह म्हणतात, “वाद कशाला, निर्लेखनात घालून टाका.” निर्लेखन (म्हणजे संग्रहातून कायमचं कमी करणं) फाटक्या, वाळवी लागलेल्या पुस्तकांचं करतात, ही प्रत कोरी आहे. पण ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेत एका पुस्तकावरून झालेली नासधूस त्यांच्या डोक्यात आहे, त्यामुळे त्यांना भित्रे म्हणवत नाही.

आणि मी तरी काय केलं? त्याच दिवशी पुस्तक ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद केलं. शुक्रवारी एक मुलगी तेच मागायला आली. म्हटलं, बाहेर गेलंय. ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांचं ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ हे सूत्र परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, दुसरं काय!

रविवारी कार्यकारी मंडळाची सभा आहे. अर्जाला लेखी उत्तर काय द्यावं? असा अर्ज हाताळायची काही पद्धत असते का?

प्रतिसाद १ (निवृत्त ग्रंथपाल)
ताई, आधी पुस्तक जागेवर लावा. पुस्तक सरकारजमा करायचा अधिकार राज्य सरकारचा, तोही कारणं देऊन काढलेल्या अधिसूचनेने (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ९८, पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं ९५). त्यालाही हायकोर्टात आव्हान देता येतं. भांडारकर प्रकरणातल्या त्या पुस्तकावरची बंदी हायकोर्टाने रद्द केली आणि २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम ठेवला. एकवीस सह्या म्हणजे अधिसूचना नव्हे. पण अर्ज आवक रजिस्टरला नोंदवा, पोच द्या. काकांचा तक्रारीचा हक्कही खराच आहे.

प्रतिसाद २
अमेरिकेतल्या ग्रंथालयांत यासाठी छापील फॉर्म असतो. पूर्ण पुस्तक वाचलंत का, नेमका आक्षेप कुठल्या पानावर, असं विचारतात. निर्णय होईपर्यंत पुस्तक जागेवरच, वाचकांना खुलं ठेवावं, असं तिथली ग्रंथालय संघटना सांगते. तेवढं मंडळाकडून ठरावात घालून घ्या. आणि रजिस्टरमधलं ‘कोणी नेलं, कोणी नाही’ सभेत अजिबात काढू नका! आज ते तुमच्या बाजूने आहे, उद्या कोणीतरी त्या तीन वाचकांची नावं मागेल.

मूळ धागाकर्ती
हे नावांचं डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद दोघांनाही. पुस्तक लावलं, मुलीला फोन केला. ती म्हणाली, सोमवारी येते. फॉर्मचा कच्चा मसुदा काकांना दाखवला. पहिलाच प्रश्न वाचून म्हणाले, “मग द्या इकडे, वाचतो.” पण त्यांच्या नावावर आधीच दोन पुस्तकं आहेत. एक परत आणलं की देईन म्हटलंय, मुलीनंतर.