मदत हवी आहे: चर्चगेटचं जुनं चर्च आणि आजूबाजूचं, अर्ध्या दिवसात

घाईत_आहे: चर्चगेटचं ते जुनं, ऐतिहासिक चर्च बघायचंय. अर्ध्या दिवसात जवळपासचं आणखी काय उरकेल? गूगल दहा चर्चं दाखवतंय. प्लीज लवकर सांगा, परवाच निघायचंय.

फोर्टफिरस्ता: कुठून येताय, वार कोणता, बरोबर कोण? आणि चर्चगेट स्टेशनाच्या आसपास ते चर्च शोधू नका, सगळे तिथेच फसतात. सेंट थॉमस कॅथीड्रल हॉर्निमन सर्कलला लागून आहे, स्टेशनापासून किलोमीटरभर. कोटाच्या ज्या दरवाज्यातून तिकडे जायचं तो चर्चगेट. दरवाजा फ्लोरा फाउंटनपाशी होता. कोट १८६०च्या दशकात पाडला, नाव स्टेशनाला चिकटलं.

कुलाबाकर: अफगाण चर्च म्हणत असतील. १८५८चं, उंच मनोऱ्याचं. बघायचं तर तेच बघा.

फोर्टफिरस्ता: ते नेव्हीनगरच्या वाटेवर, पार दुसऱ्या टोकाला. अर्ध्या दिवसात दोन्ही कोंबू नका.

घाईत_आहे: हो, सेंट थॉमसच! डोंबिवलीहून. रविवार. आत्या आहे बरोबर.

रूळमार्ग: रविवार आधी सांगायचं ना! माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक (रुळांच्या दुरुस्तीसाठी मार्ग बंद) असला तर साधारण ११ ते ४. त्या वेळात फास्ट गाड्या स्लो मार्गावर घालतात, पंधरा-वीस मिनिटं जातात. आठची फास्ट पकडून थेट सीएसएमटी. परतताना चारनंतरच निघा. ब्लॉकची बातमी शनिवारी बघून ठेवा.

भुयारी_भक्त: सीएसएमटीहून मेट्रो ३ घ्या, पुढचंच स्टेशन हुतात्मा चौक. एसी, लिफ्ट, सगळं आहे.

रूळमार्ग: एका स्टेशनासाठी खाली उतरा, तपासणी, परत वर या. तेवढ्यात माणूस चालत पोचतो. दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखालून सरळ हुतात्मा चौक, तिथून डावीकडे वीर नरिमन रोड. पंधरा मिनिटं, बरंचसं सावलीत.

भुयारी_भक्त: आत्यांचं वय विचारलंत का?

घाईत_आहे: ६८. गुडघे दुखतात, जिने नकोत. हे लिहायचं राहिलं.

फोर्टफिरस्ता: मग चालणं बाद, आणि लिफ्ट असली तरी एका स्टेशनासाठी मेट्रोही बाद. काळीपिवळी करा, दीड किलोमीटरपर्यंत मीटरचे किमान ३१ रुपये. स्टेशनाच्या दारातले जवळचं भाडं नाकारतात, जरा पुढे येऊन चालती टॅक्सी थांबवा. चर्चजवळच्या टाउन हॉलच्या ३० पायऱ्या आत्यांना चढवू नका. तो हॉर्निमन बागेच्या बाजूनेच छान दिसतो.

सोज्वळ: रविवारी सकाळी मिस्सा चालू असेल, आत सोडतील का?

गावठाण_वसई: मिस्सा आम्हा कॅथलिकांचा. हे चर्च सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट), तिथे उपासना म्हणतात. आत जाता येतं. मागच्या बाकावर गप्प बसा, फोन खिशात. भिंतीवरची स्मारकं उपासना संपल्यावर बघा. फोटोसाठी आधी विचारा, फ्लॅश नको.

संगमरवर: आत नुसतं गरागरा फिरलात तर काही दिसणार नाही. पाया १६७६चा, गव्हर्नर ऑन्जियरच्या काळातला. मग काम चाळीसेक वर्षं रखडलं आणि चर्च उघडलं १७१८च्या नाताळात. कॅथीड्रल झालं १८३७ साली. गव्हर्नर जोनाथन डंकनचं स्मारक मात्र जवळ जाऊन वाचा. बनारस आणि काठेवाडातली बालहत्या बंद केल्याचं दगडात कोरलंय. १९११ साली पंचम जॉर्ज आणि राणी मेरी जिथे बसले त्या जागाही दाखवतात. आत्यांना तिथेच अर्धा तास बसता येईल. बाहेर पडताना कारंजं चुकवू नका. आराखडा गिल्बर्ट स्कॉटचा, पैसे कावसजी जहांगीर रेडिमनींचे.

मैलाचा_दगड: अवांतर: मुंबईचे जुने मैल या चर्चपासून मोजत. काळबादेवीत रोमन १ कोरलेला दगड आहे. डोंबिवलीहून येताना...

रूळमार्ग: डोंबिवलीहून येताना काळबादेवी कुठून लागली?

घाईत_आहे: चर्चनंतर कुठे ते सांगा ना कुणीतरी!

फोर्टफिरस्ता: रस्ता ओलांडला की हॉर्निमन बाग. बाकावर बसूनच गोलातल्या इमारती बघा, कमानींच्या माथ्यावर दगडी चेहरे आहेत. मुंबई समाचारची लाल इमारत तिथेच. मग टॅक्सीने काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी ११ ला उघडते, प्रवेश फुकट. मागच्या गल्लीत निळं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), १८८४चं. तिथलंच छत्रपती शिवाजी महाराज म्युझियम १०:१५ ला उघडतं, पण ते धरलंत तर बाकी सगळं सोडा.

संगमरवर: म्युझियम नकोच. गुडघेदुखीत दोन तास उभं राहायचं?

घाईत_आहे: ठरलं. चर्च, बाग, जहांगीर. जेवायला?

फोर्टफिरस्ता: रविवारी ऑफिसं बंद, त्यामुळे फोर्टातल्या बऱ्याच खानावळीही बंद. काळा घोड्याच्या बाजूलाच जेवा.

बांद्रावाली: माउंट मेरीला जाणार असाल तर ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते, तो आठवडा टाळा.

घाईत_आहे: माउंट मेरीचं कुणी विचारलं?