ग्रीन टी आणि आपली डस्ट, एकाच झाडाची म्हणे?

रंकाळाकाठ:
मंडळी, लक्ष्मीपुरीत सुटी चहा पावडर आणायला गेलेलो, दुकानदार म्हणला डस्ट नको, जाड दाणा न्या, तो चांगला. इकडं आईचं हिमोग्लोबिन ९ आलंय, तिला जेवण झालं की लगेच कपभर चहा लागतोच, तर पुण्याच्या बहिणीनं ग्रीन टीचा डबा पाठवलाय, म्हणती ह्यानं सगळं नीट होईल. काल नेहमीसारखा खळखळ उकळून दिला, आईनं एक घोट घेतला, म्हणली हा काढा तूच पी. खरंच एवढा फरक असतोय का?

पावडरवाला_शाहूपुरी:
झाड एकच भावा. पान खुडून चुरगाळलं की काळं पडायला लागतं, कापलेलं सफरचंद तांबडं पडतंय तसंच. ग्रीन टीत पान आधीच तापवून ते थांबवतात, जपानात वाफेवर, चीनमध्ये बहुतेक कढईत. आपली नेहमीची चहा पावडर, जिला सीटीसी म्हणतात, ती म्हणजे पान मलूल करायचं, दातेरी रोलरमधनं चेचून फाडून काढायचं, चांगलं काळं पडू द्यायचं मग गरम हवेवर वाळवायचं. इतकं चेचलेलं असतंय म्हणून तर दूध घालूनबी रंग येतोय. आणि डस्ट म्हणजे काय भेसळ न्हाई ओ, चाळणीखालचा बारीक माल, कडक उतरतो, गाडेवाले मुद्दाम तीच नेतात. शंका असली तर टिपकागदावर चिमूटभर पसरून पाणी शिंपडा, लगेच गडद डाग उमटले तर रंग लावलाय समजायचं.

लॅबवाली_ताई:
बरोबर. हिरव्या पानात कॅटेचिन नावाचे अँटिऑक्सिडंट असतात, पान काळं पडताना त्यांचेच थिआफ्लेविन, थिआरुबिजिन होतात, लाल रंग नि कडकपणा त्यांचाच. म्हणजे काळ्या चहातले अँटिऑक्सिडंट संपले असं नाही, रूप बदललं. कॅफिन दोन्हीत असतंच. पण दादा, तुमच्या आईचा प्रश्न वेगळाच आहे! भाजी, कडधान्यातलं लोह चहा अडवतो, ग्रीन असो की डस्ट. जेवणानंतर तासभर तरी चहा नको, उसळीवर लिंबू पिळून द्या, आणि हिमोग्लोबिन का उतरलं ते डॉक्टरांकडनं बघून घ्या. ग्रीन टी कडू झाला कारण उकळलात, पाणी ८० डिग्रीच्या आसपास हवं, दोन मिनिटं बस्स.

गूळचहा_फॅन:
मग गुळाचा चहा द्या की, गुळात लोह असतंय, आपल्याकडं गुळाला काय तोटा! फक्त उकळत्या दुधात गूळ टाकू नका, फाटतंय. खाली उतरवून मग घाला.

लॅबवाली_ताई:
गुळात असेल थोडंफार, पण घालताय कशात? चहातच ना 😄

रंकाळाकाठ:
हे आईला वाचून दाखवलं. म्हणली तासभर थांबते, पण डबा बहिणीला परत दे. डस्टच आणली शेवटी, अर्धा किलो.