एकच शब्द, निराळा अर्थ : संदर्भाने अर्थ लागल्याचे अनुभव

पाठ असलेला अर्थ वाक्यात बसत नाही आणि आजूबाजूच्या शब्दांवरून खरा अर्थ उमगतो, असा प्रसंग इंग्रजी वाचणाऱ्या प्रत्येकावर येतो. केवळ शब्दांच्या याद्या न देता, तो शब्द कोणत्या कागदावर भेटला आणि अर्थ कशावरून लागला, हे लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते.

मी कायदेविषयक दस्तऐवजांची भाषांतरे करते. नवखी असताना एका करारनाम्यातील ‘विदाउट कन्सिडरेशन’ या शब्दांचे भाषांतर मी ‘विचार न करता’ असे केले. मराठी वाक्य सुरळीत वाचले जात होते, त्यामुळे मला शंकाही आली नाही. मसुदा तपासणाऱ्या वकिलांनी त्यावर रेघ ओढून एवढेच विचारले, की प्रश्न विचार करण्या-न करण्याचा असेल, तर पुढच्याच ओळीत रकमेचा आकडा कशासाठी आला आहे? भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये ‘कन्सिडरेशन’ म्हणजे प्रतिफल, अर्थात वचनाच्या बदल्यातला मोबदला, आणि प्रतिफलाशिवाय केलेला करार काही अपवाद वगळता शून्य, म्हणजे कायद्याने बजावता न येणारा, ठरतो, असे त्याचे कलम २५ सांगते. अर्थाची खूण त्या आकड्यातच होती. मी तो ओलांडून पुढे गेले होते. चुकीचा अर्थ वाक्यात नीट बसतो, तेव्हाच तो सर्वांत घातक असतो, असे मला आजही वाटते. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी आणि निर्बंधही; ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख आणि नजरचूकही. अशा शब्दांपाशी मी संपूर्ण परिच्छेद वाचल्याखेरीज लेखणी उचलत नाही.

*

ताई, आपला अनुभव वाचून वडिलांचा छातीचा एक्स-रे आठवला. अहवालात हृदयापुढे ‘अनरिमार्केबल’ असे लिहिले होते. ‘रिमार्केबल’ म्हणजे कौतुकास्पद, असे शाळेत शिकल्यामुळे हृदय कमजोर असावे, या समजुतीने मी रात्र काढली. सकाळी शांतपणे वाचताना लक्षात आले, की आधीच्या बहुतेक ओळी ‘नो’ने सुरू होत होत्या, म्हणजे अमुक दोष नाही, तमुक दोष नाही. अहवाल दोष शोधण्यासाठी लिहिलेला असतो. तेथे नोंद घेण्याजोगे काही नसणे हीच चांगली बातमी होती. डॉक्टरांनीही पुढे तेच सांगितले.

*

आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. भुरी रोगाविषयीच्या एका इंग्रजी माहितीपत्रकात ‘डस्ट द व्हाइन्स विथ सल्फर’ असे वाचून मुलाने विचारले, की वेलींवरची धूळ गंधकाने कशी झटकायची? घरात ‘डस्टिंग’ म्हणजे धूळ झटकणे, एवढेच त्याला ठाऊक होते. ‘विथ’नंतर भुकटीचे नाव आले आहे, याकडे मी त्याचे लक्ष वेधले. काम नेमके उलटे आहे : भुकटी काढायची नसून पसरायची आहे. मराठीत आपण त्याला धुरळणी म्हणतो आणि पातळ औषध मारण्याला फवारणी.

*

मी मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीला इंग्रजी शिकवते. ‘द प्लांट क्लोज्ड लास्ट इयर’ या वाक्याचे भाषांतर निम्म्या वर्गाने ‘वनस्पती गेल्या वर्षी मिटली’ असे केले. आधीच्या वाक्यात कामगार आणि पाळ्या यांचा उल्लेख होता, तरी मुले शब्द एकेकटा उचलत होती. ती चूक आहे, असे न सांगता मी फळ्यावर ‘पाने वाढली’ एवढेच लिहिले आणि अर्थ विचारला. कोणी म्हणाले, झाडाला पालवी आली. कोणी म्हणाले, जेवायला बसा. दोन्ही बाजूंनी बराच वाद झाला. अखेर मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, आधी काय झालं ते सांगा, मग सांगते.” त्यावर मी तिला ते इंग्रजी वाक्य त्याच्या आधीच्या वाक्यासह पुन्हा वाचायला सांगितले.