अंडरकोट काढणं म्हणजे कुत्रा भादरणं नव्हे

कर्वेनगरची_मी

बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज लिहितेच. आमचा लाडू गोल्डन रिट्रीव्हर आहे, सहा वर्षांचा. पावणेदोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्याचे केस इतके गळायला लागले की कणकेत केस, उशीवर केस, आईने धुऊन वाळत घातलेल्या सोवळ्यावर केस. म्हणून जवळच्या एका सलूनमध्ये नेला आणि स्पष्ट सांगितलं की आतले सुटे झालेले केस काढून द्या, डीशेडिंग म्हणतात ते. दोन तासांनी आणायला गेले तर लाडू डोकं आणि शेपूट सोडून पूर्ण भादरलेला! म्हणे ताई उन्हाळा आहे, त्याला गार वाटेल, सगळे असंच करून घेतात.

आज इतक्या दिवसांनंतरही त्याच्या मांड्यांवर आणि शेपटीच्या मुळाशी नुसती कापसासारखी लव आहे, वरचे सोनेरी लांब केस तिथे आलेच नाहीत. थायरॉइडची टेस्ट करून झाली, नॉर्मल आली. डॉक्टर म्हणाले क्लिपर, म्हणजे केस भादरायची मशीन, मारल्यावर काही कुत्र्यांचं असं होतं, वाट बघा.

माझं म्हणणं एवढंच आहे की लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड, हस्की आणि आपल्याकडे ज्याला सगळे पॉमेरिअन म्हणतात तो स्पिट्झ, या कुत्र्यांना केसांचे दोन थर असतात. आतला मऊ, दाट, त्यालाच अंडरकोट म्हणतात. वरचा राठ आणि लांब. गळतो तो मुख्यतः आतला. तर जो सुटलाय तो काढा ना, जो अंगाला धरून आहे त्याला कशाला हात लावायचा? जट झाली असेल, ऑपरेशन असेल, जखम असेल तर गोष्ट वेगळी. एरवी सलूनवाल्यांनी या जातींना क्लिपर लावायला सरळ नाही म्हणावं असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

नागपूरचा_शेरू

ताई तुमच्या लाडूचं वाचून वाईट वाटलं पण मला हे पटत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जाते, कूलरसमोर बसूनही माणूस घामाघूम होते, तिथं जर्मन शेफर्डच्या अंगावर एवढं घोंगडं ठेवायचं? मी शेरूला तीन वर्षं झाली दर एप्रिलच्या शेवटी बारीक करून आणतो आणि दिवाळीपर्यंत कोट परत जसाच्या तसा येते. भादरून आणला की पोरगं दुसऱ्या दिवशी उड्या मारते, जेवते नीट, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आणि गोचिड! बारीक केसांत गोचिड लगेच दिसते. एकदा टिक फीवर होऊन गेलाय त्याला, प्लेटलेट इतक्या खाली गेल्या होत्या की आम्ही रात्रभर झोपलो नव्हतो. त्यामुळे सरसकट "नाही म्हणावं" हे चुकीचं आहे.

कर्वेनगरची_मी

दादा गोचिडाची भीती मला समजते, पण त्यासाठी गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध वेळच्या वेळी द्यावंच लागतं ना, केस असोत नसोत. आणि शेरूचे केस परत आले हे चांगलंच झालं, लाडूचे नाही आले. आधी कसं कळणार कोणाचे येतील आणि कोणाचे नाही? तो जुगार दर वर्षी कशाला खेळायचा?

कंगवा_कात्री

मी ग्रूमर आहे, नऊ वर्षं हेच काम करते, सध्या ठाण्यात. दोघांनाही थोडं थोडं बोलायचंय त्यामुळे लांब होईल.

आधी काम कसं होतं ते सांगते कारण बऱ्याच पालकांना माहीतच नसतं की दोन तास आत काय चालतं. कुत्रा आला की आंघोळीआधी कोरड्या अंगावर हात फिरवून गुंते शोधायचे. कानामागे, काखेत, मांड्यांच्या आत, पट्ट्याखाली. हे आधी सोडवायचे कारण पाणी लागलं की गुंता आवळतो आणि मग सुटता सुटत नाही. नंतर शाम्पू, पार कातडीपर्यंत, आणि कंडिशनर, तो दहाएक मिनिटं ठेवायचा. त्याने सुटलेली लोकर निसटायला लागते. मग टॉवेल आणि मग ब्लोअर. खरं काम इथे आहे. ब्लोअर म्हणजे आपला केस वाळवायचा ड्रायर नाही, त्यात उष्णतेचं काम नसतं, वाऱ्याच्या जोराचं असतं. नळी कातडीजवळ धरली की केस फाकतात, गोल भोवरा होतो, खाली गुलाबी कातडी दिसते आणि त्या भोवऱ्याच्या कडेने सुटलेली लोकर पुंजक्या पुंजक्यांनी उडते. हस्की असला तर पंधरा मिनिटांत खोलीत समोरचं दिसत नाही, मास्क लावल्याशिवाय मी उभीच राहत नाही. अंग पूर्ण वाळलं की मग रेक, म्हणजे लांब बोथट दातांचा कंगवा, केसांच्या दिशेने, थर उचलून थराखाली. शेवटी स्टीलचा कंगवा. तो मानेपासून शेपटीपर्यंत न अडकता गेला तर काम झालं, अडकला तर नाही झालं.

आता ताई तुमच्यासाठी. ज्या सलूनने न विचारता मशीन मारली ते चुकलेच, त्यात दुमत नाही. पण "सरळ नाही म्हणावं" हे तितकं सोपं नाहीये. माझ्याकडे आठ आठ महिने कंगवा न लागलेले स्पिट्झ येतात, अंगावर अक्षरशः नमदा झालेला असतो, एक सलग चादर. खाली कातडी ओली, लाल, वास येतोय. तो नमदा विंचरून सोडवायचा म्हणजे त्या जिवाला तीन तास ओढत बसायचं, ते क्रूर आहे. तिथे मी मशीनच लावते आणि लावणार.

आणि दुसरं म्हणजे वेळ. मोठ्या कुत्र्याचा अंडरकोट नीट काढायला दोन अडीच तास जातात, भादरायला पाऊण तास. पालक दोन्हीला सारखेच पैसे द्यायला बघतात. मग काही लोक पाऊण तासवालं करतात. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण हे असं होतंय.

नागपूरच्या दादा, शेरूला आराम पडतो त्याचं कारण तुम्ही घोंगडं काढलंत हेच आहे, पण घोंगडं म्हणजे ती अडकलेली मेलेली लोकर. ती ब्लोअरने काढली तरी वारा कातडीपर्यंत पोचतो आणि वरचे केस उन्हापासून वाचवायला राहतात. एकदा मेच्या आधी हे करून बघा.

डोंबिवलीकर_आणि_जिमी

मला तुम्हा सगळ्यांपेक्षा वेगळंच म्हणायचंय. सलूनमध्येच कशाला न्यायचा? आमचा जिमी स्पिट्झ, पहिल्यांदा नेला तेव्हा त्या ब्लोअरच्या आवाजाने टेबलावरच शू केली, गळ्यात फास अडकवलेला, थरथरत होता, मी काचेतून बघत होतो आणि आत जायची परवानगी नाही. घरी आला तो दोन दिवस पलंगाखाली. पुढे मिक्सर लावला तरी पळायचा. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा किती तिखट असतात, त्याच्या डोक्याशी ते यंत्र घरघरवायचं हे मला तरी पटत नाही. तेव्हापासून मी घरीच करतो, रोज रात्री जेवणं झाल्यावर गॅलरीत दहा मिनिटं. माझ्या मते डीशेडिंग पॅकेज वगैरे ही पैसे काढायची नवी सोय आहे, रोज विंचरलं तर कशाची गरज नाही.

फक्त एक सांगतो, ते पात्यासारखे बारीक दात असलेलं जे हत्यार मिळतं ना ऑनलाइन, ते मी सुरुवातीला आणलं होतं, ढीगभर केस निघायचे म्हणून खूश होऊन रोज ओढत बसायचो. महिन्याभरात पाठीवरचे वरचे केस अर्धे तुटलेले, आणि एक ठिकाणी कातडी सोलल्यासारखी लाल. फेकून दिलं.

कंगवा_कात्री

दादा त्या हत्याराबद्दल अगदी बरोबर. दाबून ओढलं की ते वरचा केसही कापतं आणि माणसाला वाटतं अंडरकोटच निघतोय. हलक्या हाताने, आठवड्यातून एकदा, एका जागी दोन तीन वेळाच, नाहीतर नकोच.

जिमीचं जे झालं ते व्हायला नको होतं. आवाजाची सवय करावी लागते. मी नवीन कुत्र्याला पहिल्या खेपेला ब्लोअर लावतच नाही, नुसता लांब चालू ठेवते आणि चिकन देते, दुसऱ्या वेळी सर्वात कमी वेगावर मागच्या पायापासून सुरू, कानांवरून कापडी पट्टी. तोंडावर तर कधीच नाही. तरी जमलं नाही तर टॉवेल आणि पंखा. पण पालकांना आत येऊ न देणाऱ्या जागी मीसुद्धा माझा कुत्रा देणार नाही, आणि पिंजऱ्यात कोंडून गरम हवा सोडणाऱ्यांकडे तर अजिबातच देऊ नका, त्यात कुत्रे उष्माघाताने जातात.

पण "गरज नाही" यावर मी भांडणार. पावसाळ्यात आपल्याकडे दाट कोट फिरून आल्यावर वरून वाळल्यासारखा वाटतो, आत बोट घाला, ओलाच असतो. तिथेच हॉट स्पॉट, म्हणजे कातडीवर लाल ओले चट्टे होतात, सकाळी रुपयाएवढा आणि संध्याकाळी तळहाताएवढा. गॅलरीतल्या दहा मिनिटांत तो थर निघत नाही.

गावाकडची_पशुसेविका

एक मुद्दा राहतोय. पूडलचे केस आपल्यासारखे वाढतच राहतात, कापले तर पुन्हा वाढणार. स्पिट्झ, हस्की, गोल्डन यांचे केस एका लांबीपर्यंत वाढतात आणि मग कित्येक महिने मुळात नुसते थांबून राहतात. अशा थांबलेल्या वेळी कापले तर पुढचा फेरा सुरू होईपर्यंत वाढतच नाहीत. म्हणून कोणाचे सहा महिन्यांत येतात, कोणाला दीड दोन वर्षं. शेरूचा फेरा जुळून आला आणि लाडूचा नाही, असंही असू शकतं.

आणि उन्हाळ्याचं म्हणाल तर कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, येतो तो पंजांच्या गादीला. तो गार होतो जीभ बाहेर काढून धापा टाकून. त्यामुळे भादरणं हा उष्माघातावरचा उपाय नाही. सावली, पाणी, दुपारी फिरायला न नेणं, हा आहे. सगळीकडून सारखे केस न गळता ठिपके पडत असतील, खाज असेल, तर मात्र सलूनला नाही, डॉक्टरकडे.

नागपूरचा_शेरू

ठीक आहे, धापांचं मला माहीत होतं पण फेऱ्याचं नव्हतं. तरी मी ताईंशी पूर्ण सहमत होणार नाही. पोटाचे केस तरी मी बारीक करणारच, कारण दुपारभर तो मोरीतल्या ओल्या फरशीवर पोट टेकवून पडून राहते आणि तिथूनच त्याला गारवा भेटते. पाठीला यंदा मशीन लावणार नाही. इथं कोणी अडीच तास देऊन ब्लोअरचं काम करणारं माहीत असेल तर सांगा, सदर किंवा धरमपेठकडे.

कर्वेनगरची_मी

पोटाचं मान्य, ते मी लिहायला हवं होतं. आणि पैशाचंही मान्य. आता लाडूला जिथे नेते तिथे मी आधीच सांगते की मशीन टेबलावर काढायची नाही, वेळ लागेल तेवढा घ्या, जास्तीचे पैसे देईन, आणि मी इथेच बसणार. मागच्या खेपेला निघालेली लोकर त्यांनी पिशवीत भरून दाखवली, उशीच्या अभ्र्याएवढी भरली होती, आणि लाडूच्या पाठीवरचा एकही लांब केस तुटलेला नव्हता. मांड्यांवर मात्र अजून लवच आहे. रोज हात फिरवून बघते.

डोंबिवलीकर_आणि_जिमी

हे वाचून आत्ता जिमीच्या मानेखाली स्टीलचा कंगवा घालून बघितला. वरून मस्त दिसत होता, पण पट्ट्याखाली अडकला. दोन बोटं रुंद गुंता होता, मला रोज विंचरून कळलाच नाही. ठाण्याच्या ताई, ब्लोअर न लावता फक्त एवढं सोडवून द्याल का, मी टेबलाशी उभा राहीन.

कंगवा_कात्री

आणा. पट्टा आजच काढून ठेवा आणि त्या जागेला पाणी लावू नका. ओढायला जाऊ नका, टोकाकडून थोडं थोडं बोटांनी फाकवत या, उरेल ते मी बघते. जिमीच्या आवडीचा खाऊ घेऊन या.