जांभ्याच्या घराची ओल: मे महिन्याच्या पंधरा दिवसांत स्वतः काय करावे आणि काय कारागिरावर सोडावे?

प्रश्न: माजघर_राजापूर

नमस्कार. राजापूर तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, सुमारे दीड फूट जाड, आणि छप्पर मंगळुरी कौलांचे आहे. आजोबांच्या काळी भिंतींना चुन्याचा गिलावा होता. बारा वर्षांपूर्वी वडिलांनी तो काढून आतून आणि बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला आणि माजघरात जमिनीपासून चार फुटांपर्यंत ऑइल पेंटचा पट्टा मारला. गेली चार-पाच वर्षे माजघराच्या मागच्या भिंतीला कमरेच्या उंचीपर्यंत ओल येते. रंगाला फुगे धरतात, फुगा बोटाने दाबला की फुटतो आणि आतून पिठासारखी पांढरी पूड तळहातावर पडते. दोन वेळा खरवडून, पुट्टी लावून पुन्हा रंग दिला, परंतु दोन्ही वेळा एका पावसाळ्यात तो गेला.

गावातील गवंड्याने सुचवले आहे की, आतून वॉटरप्रूफिंगचे रसायन मारावे, त्यावर पुन्हा सिमेंटचा गिलावा करावा आणि चार फुटांपर्यंत टाइल्स लावून टाकाव्यात. खर्च माझ्या आवाक्याबाहेर नाही, पण मन घेत नाही.

मी पुण्यात राहतो आणि मे महिन्यात मुलाला घेऊन पंधरा दिवस गावी जाणार आहे. पुण्याच्या फ्लॅटचे रंगकाम मी स्वतः केले आहे, नळांचे वायसर बदलणे, ड्रिलने फळ्या बसवणे अशी कामे हाताखालून गेली आहेत. ही भिंत, फुटलेली वीस-पंचवीस कौले आणि जुन्या दारांचा रंग एवढी कामे आम्ही दोघे करू शकू काय, आणि ती कोणत्या क्रमाने करावीत? त्याच भिंतीवर एक स्विचबोर्ड असून पावसाळ्यात त्याला हात लावला की कधी कधी झिणझिण्या येतात, तोही बदलावा असा विचार आहे.

उत्तर: वायरमन_सिंधुदुर्ग

बाकीच्या कामांविषयी जाणकार मंडळी सांगतीलच, परंतु आपण शेवटी लिहिलेली गोष्ट सर्वांत आधी हातात घ्यायला हवी. ओल्या भिंतीवरचा बोर्ड झिणझिण्या देतो याचा अर्थ वीजप्रवाह भिंतीत उतरत आहे. घरी कोणी राहत असेल तर त्या बोर्डाचे सर्किट आजच बंद करायला सांगा आणि आपण पोहोचेपर्यंत ते चालू करू देऊ नका.

हे काम कृपया स्वतः करू नका. दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलणे घरमालकाला करता येते, परंतु वायरिंगमध्ये फेरफार किंवा दुरुस्ती करायची असेल तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांनुसार ती परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावी लागते. त्याच्याकडून तीन गोष्टी करून घ्या: बोर्ड या भिंतीवरून कोरड्या भिंतीवर हलवणे, अर्थिंग तपासणे आणि मेन स्विचजवळ ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारे उपकरण, बसवणे. त्याच्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायची सवय घरातल्या सर्वांना लावा. भिंतीवर छिन्नी चालवण्याआधी त्या भिंतीतून वायरी कुठून गेल्या आहेत हेही त्याच्याकडूनच खडूने आखून घ्या.

उत्तर: निवृत्त_स्थापत्य

सार्वजनिक बांधकामाच्या नोकरीत माझी बरीच वर्षे कोकणात गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपले मन घेत नाही ते योग्यच आहे. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. जमिनीतले पाणी तो दिव्याच्या वातीसारखे वर ओढतो आणि हे पाणी साधारण तीन-साडेतीन फुटांपर्यंत चढते. पूर्वीच्या चुन्याच्या गिलाव्यातून ते हळूहळू हवेत उडून जात असे, त्यामुळे भिंत ओली झाली तरी मार्गशीर्ष-पौषापर्यंत वाळून जाई. सिमेंटचा घट्ट गिलावा आणि त्यावर ऑइल पेंट आल्यावर ती वाट बंद झाली. पाणी भिंतीतच कोंडले जाते, विरघळलेले क्षार घेऊन रंगाच्या पाठीमागे येते आणि तेथे क्षारांचे स्फटिक होताना रंगाला ढकलते. आपल्या तळहातावर पडणारी पूड हीच, जिला आपण लोणा म्हणतो. आता आतून रसायन आणि टाइल्स लावल्या तर पाणी थांबणार नाही, ते टाइल्सच्या वर पाचव्या-सहाव्या फुटावर डोके काढील.

म्हणून पहिला प्रश्न गिलाव्याचा नसून पाणी कोठून येते हा आहे. पोहोचल्या पोहोचल्या भिंतीच्या ओल्या भागावर हातभर लांब-रुंद जागेतला रंग खरवडा, तेथे प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येत आहे, खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली दमट वाफ आहे. ओलीची वरची कडा पाहा. ती जमिनीला समांतर, एकसारखी असेल तर पाणी खालून चढत आहे, आणि वरून खाली ओघळल्यासारखे डाग असतील तर कौलांकडे पाहावे लागेल. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: ऑक्टोबरनंतर पाऊस जवळजवळ नसतो, तेव्हा मे महिन्यातही ही भिंत हाताला गार आणि ओलसर लागत असेल, तर तिला पावसाखेरीज दुसरे पाणी मिळत आहे. भिंतीच्या पलीकडे काय आहे ते आपण लिहिलेले नाही. न्हाणीघर, मोरी, पाण्याची टाकी यांपैकी काही आहे काय?

त्यानंतर घराभोवती एक फेरी मारा. कित्येक घरांत वर्षानुवर्षे माती आणि कोबा टाकून अंगण इतके वर आलेले असते की जोते दिसेनासे होते, आणि पागोळ्यांचे पाणी त्या कोब्यावर आपटून भिंतीवर उडत राहते. असे असेल तर भिंतीलगतचा दीड-दोन फूट रुंदीचा कोबा फोडून, फूटभर खोल चर खणून तो खडीने भरा. मात्र पायाच्या तळाखाली खणू नका. बाकीच्या अंगणाला भिंतीपासून दूर, दर मीटरला दोन सेंटीमीटर इतका उतार द्या. पागोळीखाली पन्हळ बसवली तर आणखी उत्तम. हे काम तुम्हा दोघांना सहज जमेल.

आतल्या बाजूस ओलीच्या कडेच्या वर दीड फुटापर्यंत सिमेंटचा गिलावा हातोडी-छिन्नीने सावकाश काढा. ब्रेकर मशीन वापरू नका, कारण त्याने चिऱ्याच्या कडा तुटतात. चष्मा आणि मास्क दोन्ही हवेत. लोणा कोरड्या ब्रशने झाडून खाली अंथरलेल्या कागदावर घ्या आणि घराबाहेर दूर टाका. तो पाण्याने धुऊ नका, कारण विरघळून तो पुन्हा चिऱ्यात जातो. सुटलेल्या दरजा इंचभर खोल कोरून ठेवा.

आणि आता जे सांगतो ते कदाचित आवडणार नाही. या वर्षी त्या भिंतीला गिलावा आणि रंग करू नका. दगडी-विटेच्या भिंती महिन्याला साधारण एक इंच वाळतात असा एक ढोबळ हिशेब आहे. आपली भिंत दीड फुटाची आहे, आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू झाला की ऑक्टोबरपर्यंत ती वाळणे थांबते. एक पावसाळा चिरा उघडा राहिलेला वाईट दिसेल, पण भिंत श्वास घेईल. बाहेरून मात्र झावळ्यांचे झाप बांधून आडोसा करा.

उत्तर: चुन्याची_ओटी

निवृत्त साहेबांनी सांगितले त्याच वाटेने मी आणि माझ्या जाऊबाई गेलो आहोत, म्हणून पुढच्या टप्प्याविषयी लिहिते. आमचे घर वेंगुर्ल्याकडे आहे. उघडी भिंत सात-आठ महिने ठेवली तेव्हा येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारत असे. दिवाळीनंतर चुन्याचे काम केले. ऊन कोवळे असते आणि हवेत थोडा ओलावा असतो, त्यामुळे चुना सावकाश आणि नीट धरतो.

चुना विरवताना जपा. कळीचा चुना पाण्यात पडला की पाणी अक्षरशः उकळते आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्यावे आणि मग त्यात थोड्या थोड्या कळ्या सोडाव्यात. कळ्यांवर वरून पाणी ओतू नये आणि प्लास्टिकची बादली वापरू नये. लहान मुले जवळ असतील तर हे काम करूच नये. आम्ही विरवलेला चुना तीन आठवडे पाण्याखाली ठेवला होता. तेवढ्या दिवसांत तो लोण्यासारखा मऊ झाला आणि थापीवरून न ओघळता उभा राहू लागला.

गिलाव्यासाठी एका भागाला तीन भाग वाळू घेतली आणि पातळ थर देऊन प्रत्येक थर काही दिवस पाणी शिंपडून ओला ठेवला. वाळूविषयी मात्र कळवळून सांगते. आमच्या पहिल्या खोलीला कारागिराने खाडीची वाळू वापरली, आम्हांला ते समजले नाही आणि त्या वाळूतल्या मिठाने वर्षभरात पुन्हा लोणा धरला. ती पूर्ण भिंत आम्हांला परत काढावी लागली. वाळू घेताना चिमूटभर जिभेवर ठेवून पाहा. खारट लागली तर गाडी परत पाठवा.

सफेदी करताना आमची स्वतःची चूक अशी झाली की एका हातात काम उरकावे म्हणून चुना दाट कालवला आणि कोरड्या भिंतीवर मारला. आठ दिवसांत पापुद्रे सुटले. दुसऱ्या वेळी चुना दुधाइतका पातळ केला, सुती कापडातून गाळला, त्यात थोडा डिंक घातला आणि भिंत आधी ओली करून तीन हात दिले. पहिला हात ओला असताना काहीच दिसत नाही आणि आपण घाबरतो, परंतु वाळल्यावर तो पांढरा होतो. त्या भिंतीला आज पाच वर्षे झाली.

उत्तर: शाकारणी

कौले आणि दारे यांविषयी थोडक्यात लिहितो. घराला आतून माळा किंवा सीलिंग नसेल, तर फुटलेले मंगळुरी कौल पुष्कळदा आतूनच बदलता येते. शिडीवर उभे राहून वरच्या रांगेचे कौल किंचित उचलायचे, फुटके काढून घ्यायचे आणि नवे सरकवून त्याची खाच रिपेवर बसवायची. एकाने शिडी धरावी. नवी कौले घेण्यापूर्वी एक जुने कौल बरोबर न्या, कारण वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत आणि नेमके तेथूनच पाणी येते.

आढ्यावरची किंवा पागोळीजवळची कौले मात्र छपरावर वावरणाऱ्या सवयीच्या माणसाकडूनच बदलून घ्या. शेवाळलेल्या कौलावरून पाय निसटतो, आणि वाळवीने पोखरलेला वासा वरून धडधाकट दिसतो. प्रत्येक वाशात आतून पेचकसाचे टोक खुपसून पाहा. ते सहज आत गेले, तर त्या छपरावर कोणालाही चढवण्यापूर्वी तो वासा बदलावा लागेल.

दारांवरचा ऑइल पेंट वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळातला असेल, तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावे हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे भरपूर असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक असते. वॉटर पेपर ओला करून घासा, चोथा फडक्याने पुसून गोळा करा, आणि हे काम अंगणातही भाजीच्या वाफ्याजवळ करू नका.

प्रश्नकर्ता: माजघर_राजापूर

सर्वांचे मनापासून आभार. बोर्डाचे सर्किट काकांकडून त्याच दिवशी बंद करून घेतले होते. गावी पोहोचून आज पाच दिवस झाले. प्लास्टिकच्या कागदाला भिंतीकडून थेंब आले आणि ओलीची कडा सुतात धरल्यासारखी सरळ आहे. निवृत्त साहेबांनी विचारले होते की पलीकडे काय आहे. पलीकडे परसात न्हाणीघर आहे आणि त्याचे पाणी भिंतीला लागून असलेल्या उघड्या गटारातून केळींना आणि अळूला जाते. मुलाने काल गटारातला गाळ उपसला, तेव्हा तळाला हात जाईल एवढी भेग दिसली आणि तिच्यात केळीची मुळे शिरलेली होती. बादलीभर पाणी ओतले, ते केळींपर्यंत पोहोचलेच नाही. इतकी वर्षे रोजच्या आंघोळीचे पाणी आमच्या भिंतीत जात होते. गटार सिमेंटने लिंपून घ्यावे की दुसरी काही व्यवस्था करावी?

उत्तर: निवृत्त_स्थापत्य

लिंपू नका, मुळे ते पुन्हा फोडतील. गटार मोडून काढा आणि न्हाणीघरापासून ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप भिंतीपासून निदान दहा फूट दूर न्या. उतार दर मीटरला अडीच सेंटीमीटर ठेवा, सुरुवातीला जाळी बसवा आणि वळणाच्या जागी साफसफाईसाठी झाकण असलेला जोड घ्या. माती लोटण्यापूर्वी दोन बादल्या पाणी सोडून प्रत्येक जोड हाताने चाचपून पाहा. भिंतीलगतची केळी काढाव्या लागतील, पण त्यांची पिल्ले पाइपाच्या नव्या तोंडाशी लावा, पावसाळ्याच्या तोंडावर ती लगेच रुजतात.

गिलावा काढल्यावर भिंतीवर ओलीच्या कडेला पेन्सिलीने रेघ मारून तारीख घाला आणि काकांना दर महिन्याला तशीच एक रेघ मारायला सांगा. रेघ खाली उतरत गेली तर दिवाळीला चुना विरवायला घ्या. पावसाळ्यात ती वर सरकली तर येथे कळवा, मग बाहेरच्या गिलाव्याचे काय करायचे ते पाहू.