मे महिन्यात कुत्र्याला नागपूरला कसं न्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मावशीच्या पंच्याहत्तरीला सगळं गोत नागपुरात जमतंय, आम्ही नाशिकहून निघणार. प्रश्न आमच्या मोतीचा आहे. रेल्वेत फर्स्ट एसीचं अख्खं कूपे मिळालं तरच तो आमच्यासोबत, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत एकटा. ते मला नकोच. म्हणून समृद्धीने गाडीतून, पहाटे निघून जायचं म्हणतोय. कुत्र्यांना घाम जवळपास फक्त पंजांतून येतो, सगळी मदार धापा टाकण्यावर; विदर्भातलं ऊन त्याला कसं सोसेल? शिवाय तिथे पन्नास अनोळखी पाय, पोरांचा कल्ला. घरी चार पाहुणे आले तरी बिचारा दिवाणाखाली शिरतो.

न्यावं, की नाशकातच कुणाकडे ठेवावं? घरगुती सांभाळणारं विश्वासाचं कुणी माहीत आहे का? नेलं असेल तर वाटेत पाणी-खाणं कसं दिलंत?