नळी बदलल्यावर दस्त्यात राहिलेली फट: भरायची की तशीच ठेवायची?

नवी_नळी
बोल्ट ॲक्शन रायफल, अक्रोडाचा दस्ता. जाड नळी काढून बारीक स्पोर्टर नळी बसवली आहे. हेडस्पेस (बोल्टचं तोंड आणि काडतुसाची बैठक यांतलं अंतर) गो आणि नो-गो गेजने, म्हणजे किमान आणि कमाल मापाच्या ठोकळ्यांनी, तपासून झालंय. दस्त्याच्या टोकाशी खोबण 25 मिमी, नळी 17 मिमी. म्हणजे दोन्हीकडे 4 मिमी फट हवी, पण डावीकडे 3 आणि उजवीकडे 5 भरते. खाली 4. रिसीव्हरकडे (नळी मागे ज्यात बसते तो धातूचा भाग) कमी होत जाते. इपॉक्सीने पूर्ण भरून नळी घट्ट बसवली तर नेम सुधारेल का? की लाकडाच्या पट्ट्या चिकटवू?

रंधा
घट्ट अजिबात बसवू नका. फट हा दोष नाही, नळीला लाकूड टेकणं हा दोष. गोळी सुटताना नळी थरथरते, चार-पाच गोळ्यांनंतर तापते. टेकलेलं लाकूड तिला दर वेळी वेगळं ढकलतं. त्यात लाकूड दमट हवेत धाग्याला आडवं फुगतं, म्हणजे उन्हाळ्यात लावलेलं झिरो (नेमाची जुळणी) पावसाळ्यात हललेलं. सगळीकडून 1 ते 1.5 मिमी मोकळं असलं की पुरे. 4 मिमीने नेमाचं काही बिघडत नाही. फक्त भोंगळ दिसतं आणि कचरा-पाणी शिरतं.

मला खटकतंय ते 3 आणि 5. नळी टोकाशी 1 मिमी सरकलेली आहे. दस्ता पिळला आहे की रिसीव्हर बैठकीत तिरका बसलाय, हे आधी ठरवा. नळी-रिसीव्हर बाहेर काढा, पुढच्या आणि मागच्या स्क्रूच्या भोकांच्या मध्यावरून टोकापर्यंत दोरा ताणा. दोरा खोबणीच्या मध्यातून गेला तर दस्ता सरळ आहे, दोष बैठकीत.

मग सगळं जोडून दस्त्याच्या टोकाला डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) लावा, त्याची दांडी नळीवर टेकवा आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करा. काटा 0.05 मिमीपेक्षा जास्त हलला, तर स्क्रू आवळताना रिसीव्हर वाकतोय. अशा वेळी खोबण भरणं म्हणजे तुटक्या पायाच्या टेबलाला पॉलिश.

पटाशी
रंधा यांच्याशी सहमत. क्रम महत्त्वाचा: आधी रिसीव्हरचं बेडिंग (इपॉक्सीने चपखल बैठक करणं), मग खोबण. नळी कुठे बसणार हे रिसीव्हर ठरवतो.

बेडिंगला पोलादाची पूड असलेलं, सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी घ्या. पाच मिनिटांचं नको. पसरवायच्या आतच आवळतं. रिकॉइल लगच्या (रिसीव्हरखालचा, धक्का दस्त्याला देणारा ठोकळा) पुढे, दोन्ही बाजूंना आणि खाली टेपचा एकेक थर. मागच्या तोंडाला टेप नाही, तिथे इपॉक्सी चपखल बसलं पाहिजे, कारण धक्का तिथेच जातो. ट्रिगर काढा, पिनांची भोकं आणि सगळ्या खाचा प्लॅस्टिसिनने बुजवा. मेणाचं पॉलिश किमान दोन हात, स्क्रूंनाही. एक खाच राहिली तर इपॉक्सी तिच्यात शिरून कुलूप लागतं. दस्त्याच्या टोकाशी नळीवर टेप गुंडाळून ती मध्यावर धरा. स्क्रू फक्त टेकवा; आवळून सुकवलंत तर वाकलेल्या अवस्थेचाच साचा मिळेल. 24 तास हात लावू नका. निघेना तर दोन तास फ्रीझरमध्ये. पोलाद आकसतं आणि सुटतं.

आता खोबण. इन्सुलेशन टेपचा थर साधारण 0.15 मिमी, म्हणजे नळीवर दहा थर दिले की 1.5 मिमी मोकळी जागा राहील. वर मेण. टोकाशी भरायची जाडी 2.5 मिमी. पूर्ण 300 मिमी लांबीला तीच जाडी धरली तरी सुमारे 26 मिली माल लागतो. 40 मिली कालवा, कारण भांड्याला आणि पट्टीला बरंच चिकटतं. माल नळीच्या सर्वांत रुंद रेषेच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर नळी वर निघणारच नाही. काळा रंग मिसळा, अगदी थोडा. काळी रेघ सावलीसारखी दिसते. लाकडाच्या रंगाशी जुळवायला गेलात तर हमखास ठिगळ दिसतं.

शून्य_पाच
पट्ट्यांबद्दल: चालतं, पण मेहनतीचं. त्याच जातीचं वाळलेलं लाकूड, धागा लांबीलाच, पट्टी थोडी जाड ठेवून चिकटवायची आणि मग गोल दांडक्याला पॉलिश पेपर गुंडाळून आत घासत न्यायचं. जोड काठावर दिसतोच. शेवटी खोबणीच्या आतून फिनिश द्या. बाहेर चकचकीत आणि आत कोरडं लाकूड, मग दस्ता पिळतो.

एक अपवाद. रुगर 10/22 सारख्या रायफलमध्ये ॲल्युमिनियमचा रिसीव्हर दस्त्यात एकाच स्क्रूवर असतो; जाड नळी पूर्ण मोकळी सोडली तर ती पुढे झुकू शकते. तिथे टेकू देण्याचा विचार होतो. या बोल्ट ॲक्शनला तो लागू नाही.

नवी_नळी
दोरा मध्यातूनच गेला, म्हणजे बैठकच तिरकी. पण खोबणीत जुनं तेल मुरून लाकूड काळं पडलंय. इपॉक्सी धरेल?

पटाशी
तेलावर नाही धरणार. पटाशीने 1 मिमी खरवडा, ॲसिटोनने पुसा, उजेड-वारा असलेल्या जागी, ज्योतीपासून लांब. तेल पुन्हा वर आलं तर खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून लेप द्या, वाळला की झटका. लेप पिवळा पडायचा थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. वर 3 मिमी खोल, तिरकी भोकं दर 30 मिमीवर पाडा, माल त्यात अडकून राहील.

रंधा
पिलर (स्क्रूभोवतीचं धातूचं नळकांडं) नसलेल्या लाकडी दस्त्यात स्क्रू 4 ते 5 न्यूटन-मीटरच्या वर नको, लाकूड चेपतं. आणि नळी-दस्त्याच्या फटीतून कागद सरकवून बघण्याची चाचणी दोनदा करा: एकदा तशीच, एकदा रायफल रिकामी असल्याची खात्री करून, बायपॉडवर (दस्त्याखालचा दोन पायांचा टेकू) टेकवून पुढे भार देऊन. भाराखाली दस्त्याचं टोक वर उचललं जातं. टेबलावर मोकळी वाटणारी नळी तेव्हा टेकते. टेकलीच तर तिथे आणखी अर्धा मिमी घासा.